ऑग्युस्तची बायको

“मादाम, ही ठिगळं ऑग्युस्तच्या बायकोनंच लावलीत, हे तुम्हाला कसं कळलं?”

हा प्रश्न विचारायची माझ्यात हिंमत नाही, अशी माझ्या वर्गातल्या जादनं पैज लावली होती. नोएमीचं माझ्याबद्दलचं मत जरा बरं होतं. ती म्हणाली, फॉस्टीन आत जाईल, ‘मादाम’सुद्धा म्हणेल, पण पुढचा प्रश्न गिळून एखादा साबण विकत घेईल आणि बाहेर येईल. गेल्या वर्षीची मी असते तर अगदी तसंच झालं असतं. पण यंदा मी केस कानाच्या पाळीपर्यंत कापलेत, भूमितीच्या सरांना त्यांची चूक फळ्यापाशी जाऊन दाखवलीय, आणि तेव्हापासून माझा आवाज मला भलताच आवडायला लागलाय. तेव्हा मी काचेचं दार ढकललं, थेट बाईंपाशी गेले आणि विचारलं.

बाईंनी मान वर केली. अंगावर सगळं काळं, दागिना एकही नाही, केस विस्कटलेले. केस इतके नीट विस्कटायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे, मी घरी करून पाहिलंय.

“हात ओळखता येतो, माद्मुआझेल,” त्या म्हणाल्या. “असे हात आता उरले नाहीत.”

मी माझे हात खिशात घातले.

झालं होतं असं, की आमचा वर्ग पॅरिसला संग्रहालय पाहायला आला होता आणि केंत्रिक सरांनी आम्हाला मारे नावाच्या उंची वस्तीतल्या एका चौकात डबा खायला मोकळं सोडलं होतं. पॅरिसला जायचं म्हणून आम्ही सगळ्याजणी नटून आलेलो. जादचे बूट पांढरेशुभ्र, पेटीतून त्याच दिवशी काढलेले. माझा रेनकोट आईनं निवडलेला, अजून घडीच्या रेघा दिसत होत्या. आणि त्या गल्लीत बघावं तर काय, लोक आमच्या गावच्यासारखे. एक तरुण बेकरीवाल्याची विजार घालून कॉफी पीत होता, एक बाई माळ्याचे लाकडी बूट घालून कुत्रा फिरवत होती, आणि कोळ्याचा फाटका स्वेटर घातलेला एक मनुष्य भल्या मोठ्या मोटारीतून उतरला. आम्ही पॅरिसचं सोंग घेऊन आलो होतो आणि पॅरिसनं आमचं घेतलं होतं. दोघांपैकी त्यांचं जास्त जमलं होतं, हे कबूल.

दुकानाचं नाव ‘ऑक्ताव’. काचेमागे वरून दिवा सोडलेला, आणि त्या उजेडात, आमच्या चर्चमध्ये संताची हाडं ठेवलीत तशा थाटात, एक निळा डगला टांगलेला. खाली पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘ऑग्युस्त, गुराखी. पेर्श, १९३०च्या सुमारास. कोपरांवरची आणि खिशावरची ठिगळं त्याच्या बायकोच्या हातची, हिवाळ्यातल्या संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात लावलेली. कधीही न धुतलेला.’

डगला माझ्या बाबांचा होता.

माझे बाबा गुराखी नाहीत. गाईंना ते घाबरतात. त्यांचं नाव रेजीस, आणि आमच्या पेर्श भागातल्या शेतघरांच्या मैल्याच्या टाक्या उपसायची गाडी ते चालवतात. १९३० साली ते तर नव्हतेच, त्यांचे बाबाही नव्हते. पुठ्ठ्यावरच्या मजकुरात खरं म्हणावं असं एकच वाक्य होतं, शेवटचं. तो डगला आमच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायला आई कधीच तयार झाली नाही.

आणि ठिगळं माझी. गाडीच्या नळीचा आकडा अडकून बाबांची दोन्ही कोपरं आणि खिसा फाटला, तेव्हा आईनं कंपनीचं नवं जाकीट काढून दिलं. बाबा ते घालून आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, मी टपालखात्याचा मनुष्य दिसतो. मला तो डगला फेकवेना. त्याचा निळा रंग खांद्यावर उन्हानं आभाळासारखा फिका झालेला, काखेत अजून शाईसारखा गडद, आणि खिशाच्या झाकणाखाली, जिथे ऊन कधी पोचलंच नाही, तिथे बाबांच्या लग्नाआधीचा निळा जसाच्या तसा. असा रंग कुणी मुद्दाम करू म्हटलं तर व्हायचा नाही. मग मी ठिगळं लावली. कोचावर बसून, टीव्हीवर प्रश्नमंजूषा चालू असताना, उत्तरं ओरडत ओरडत. बारीक पांढऱ्या धावदोऱ्याच्या ओळी, एकाखाली एक, तांदूळ पेरल्यासारख्या. शिकले कुठून म्हणाल तर फोनवर. जपानमधल्या कुणा काकूंचे व्हिडिओ आहेत. त्या बोलत नाहीत, नुसते हात दिसतात.

बाबा खूश झाले आणि आई उखडली. ती नोटरीच्या, म्हणजे मृत्युपत्रं आणि वाटण्या करणाऱ्या वकिलाच्या, कचेरीत पुढच्या टेबलावर बसते. गावात कोण मेलं, कुणाला काय मिळालं आणि कोण कुणाशी बोलेनासं झालं, हे तिला आधी कळतं. माझा नवरा ठिगळाचा डगला घालून फिरला तर लोक काय म्हणतील, हा तिचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा खरा होता आणि तो ती चिडल्याशिवाय बोलत नाही. तिची आई हातमोज्यांच्या कारखान्यात शिवायची. म्हातारपणी तिच्या बोटांना चमचा धरवत नव्हता, सूप आई भरवायची. त्यामुळे आमच्या घरात सुई म्हणजे बटण तुटलं तर, आणि तेही दार लावून.

आणि मला तर शिवणाच्याच शाळेत जायचं होतं. आलाँसोंला आहे, बसनं जाता येतं. जूनच्या आत शाळेला कळवायचं होतं, पुढे साध्या लिसेत, म्हणजे पुस्तकी वरच्या शाळेत, जाणार की काम शिकायच्या. आईचं उत्तर तयार होतं. गणितात ज्यांना शून्य मिळतं ती मुलं कामाच्या शाळेत जातात, तुला विसापैकी सोळा मिळतात, तू नोटरी होणार. बाबा अशा वेळी गाडी धुवायला जातात.

तर डगला पॅरिसला गेला कसा? आमच्याकडे वसंतात एका रविवारी सगळं गाव आपापल्या दारापुढे टेबल मांडून माळ्यावरचं जुनं विकतं. आईची रीत अशी, की विकायची वस्तू परक्याच्या घरी जाणार म्हणजे ती स्वच्छच हवी. ती तांब्याची भांडी नव्यासारखी घासते, चादरींना कांजी करून इस्त्री मारते, खुर्च्यांना रंग देते. जुन्या मालाचे व्यापारी आमच्या टेबलापुढे उभे राहतात आणि कुणी वारल्यासारख्या माना हलवतात. काळाचा सगळा कळकट मुलामा, ज्याचे ते पैसे देतात, तो आईनं शनिवारीच साबणानं मोरीत सोडलेला असतो.

त्या रविवारी काळा चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. टेबलावरचं काहीच त्यांना आवडलं नाही. मग टेबलाखालच्या खोक्यात त्यांना एक कान उडालेली सुरई दिसली, डगल्यात गुंडाळलेली. तो डगला आईनं बाबांना न विचारता तिथे कोंबला होता. बाईंनी सुरईची किंमत विचारली. आईनं तोंडाला येईल ती सांगितली. बाईंनी घासाघीस न करता दिली आणि म्हणाल्या, आहे तशी गुंडाळलेलीच द्या, फुटायला नको.

आई पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट सांगून हसत होती. पॅरिसच्या लोकांना काहीही खपवता येतं, फुटकी सुरई घेतली आणि वर आमची चिंधीही उचलून नेली. बाबा मात्र गॅरेजमध्ये डगला शोधत राहिले. त्यांना वाटलं, आपणच कुठल्या तरी शेतावर विसरलो.

आता त्याच बाई माझ्यापुढे उभ्या होत्या, चष्मा डोक्यावर सरकवून. मी विचारलं, ऑग्युस्तच्या बायकोचं नाव काय होतं. त्या म्हणाल्या, अशा बायकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, हीच तर शोकांतिका आहे. मग त्यांनी काचेमागून डगला काढून आणला, माझ्यासमोर धरला आणि टाक्यांवरून बोट फिरवत समजावलं, की ओळी अशा तिरप्या जाणं ही पेर्शची जुनी खूण, हे आईकडून मुलीकडे येतं.

मी म्हटलं, हे जपानमधल्या काकूंकडून फोनवर आलंय.

त्या हसल्या. शहाण्या मुलांकडे बघून मोठी माणसं हसतात तसं. मग मी म्हटलं, आतला खिसा उलटा करून बघा. त्यांनी केला. आतल्या खिशाला अस्तर म्हणून मी माझ्या लहानपणच्या उशीचा अभ्रा लावला होता. हिरव्या जमिनीवर केशरी डायनोसॉर, एकाच्या डोक्यावर वाढदिवसाची टोपी.

बाईंनी खिसा उजेडात धरला. “सरडे आहेत,” त्या म्हणाल्या. “ग्रामीण छपाईत असायचे.”

“टोपी घातलेले?”

काचेबाहेर जाद आणि नोएमी नाकं चिकटवून उभ्या होत्या. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दाराला कडी घातली. मला वाटलं आता पोलीस. पण त्यांनी खणातून सुई, पांढरा दोरा आणि बाही उसवलेला एक सदरा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी रेनकोट काढला आणि बसले. शिवताना मी नेहमी जीभ बाहेर काढते, ती तिथेही निघाली. तांदळाची पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसरीच्या मध्यात बाईंच्या श्वासाचा आवाज बदलला. त्यांना खरंच आवडलं होतं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगते, कारण पुढे त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं नाही.

“तू राहतेस कुठे?” त्यांनी विचारलं. इतका वेळ मी ‘तुम्ही’ होते. कामाची ठरले तशी ‘तू’ झाले.

साबण मी घेतला नाही. जादनं पैज हरल्याबद्दल बसमध्ये तिच्या डब्यातला अर्धा केक दिला, आणि आलाँसोंपर्यंत अख्ख्या बसला डगल्याची किंमत सांगितली. बाबांच्या गाडीला चारही टायर नवे आले असते. सरसुद्धा मागे वळून बघायला लागले.

आईला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. सुरईची गोष्ट तिनं पुन्हा कधी कुणाला सांगितली नाही.

पुढच्या रविवारी बाई आमच्याकडे जेवायला आल्या. आईनं सकाळपासून घर इतकं घासलं होतं, की त्यांना कौतुक करायला जुनं असं काही उरलंच नव्हतं. बिचाऱ्या बसल्या प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर हात ठेवून. कोंबडी झाली, चीज झालं, आईनं सफरचंदाचा टार्ट कापला. बाबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं ते डगल्याची चौकशी करायला. परत मिळेल का?

बाई म्हणाल्या, तो गेला. एका बँकेतल्या साहेबांनी नेला, ते तो शनिवार-रविवारी घालतात.

“धुतला का त्यांनी?” बाबांनी विचारलं.

“न धुण्याची आम्ही खास विनंती करतो, मस्यू. त्याला मातीचा गंध आहे. गवताचा, गुरांचा.”

बाबा माझ्याकडे बघेनात, मी बाबांकडे बघेना. आई उठली आणि खिडकीचा पडदा ओढायला गेली, कारण खिडकीतून अंगणात उभी असलेली गाडी दिसत होती. पण बाईंची नजर तिच्या आधी पोचली. गाडीवर हातभर अक्षरात बाबांचं आडनाव आहे आणि त्याखाली आपण काय काय उपसतो त्याची माहिती. एक चित्रही आहे, नळी धरून हसणाऱ्या माणसाचं. बाईंनी ते सगळं वाचलं. काटा खाली ठेवला. टार्टकडे पाहिलं. मला वाटलं आता ही बाई उठते.

“भूमिपुत्र,” त्या म्हणाल्या. “आपण ‘भूमिपुत्र’ लिहू.”

अशा माणसाला काय करणार? मला तर त्यांचं कौतुकच वाटलं. मग त्यांनी आपला बेत मांडला. नवे निळे डगले त्या पाठवतील, बाबांनी ते एकेक करून कामावर घालायचे, नीट रापले की मी ते फाडायचे आणि शिवायचे. महिन्याला ठरावीक पैसे. कुणाला काही कळायचं कारण नाही. शाळा मी हवी ती करावी, लिसे करावी, वकिली करावी, हे काम शनिवारी-रविवारी घरातल्या घरात.

आईचा चेहरा मी बघत होते. सुईचं नाव काढलं की जो चेहरा आंबट होतो, त्यावर हळूहळू ऊन पडत गेलं. तिला हवं ते सगळं एका ताटात आलं होतं. मुलगी नोटरी, वर पॅरिसचे पैसे, आणि शिवताना कुणी बघणार नाही, दार लावलेलं. ती म्हणाली, सोफ्याच्या जागी खिडकीपाशी खुर्ची ठेवू, डोळ्यांना त्रास नको. मी पहिल्यांदा ठिगळ लावलं तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस नीट बोलली नव्हती, आणि आता माझ्यासाठी खुर्ची हलवत होती. बाबा विचारत होते, नवे डगले त्यांच्या मापाचे येतील का, की ऑग्युस्तच्या.

मी म्हटलं, मला चालेल, एकच गोष्ट हवी. पुठ्ठ्यावर माझं नाव लिहा. खाली, बारीक अक्षरात चालेल. ‘ठिगळं: फॉस्टीन गुलार.’ ऑग्युस्तला राहू दे वर.

बाईंनी माझा हात हातात घेतला. प्रेमानंच. “बाळ, तू जिवंत आहेस. जिवंत मुलीच्या ठिगळाला कोण पैसे देतं? गिऱ्हाईक जे संपलंय ते विकत घेतं. तू जपानी काकूंकडून शिकलीस आणि टीव्ही बघत शिवतेस हे कळलं, तर राहिला काय, एक फाटका डगला. ऑग्युस्तची बायको म्हणून तुझे टाके अमर आहेत. तुझ्या नावानं ते गृहपाठ आहेत.”

आई म्हणाली, “नावात काय एवढं? आणि कचेरीतल्या कुणी ते वाचलं तर?”

मला राग यायला हवा होता. पण मला दिसत होतं ते टेबल. एका बाजूला आई, तिला मी शिवलेलं चालणार होतं पण ते मी शिवलंय हे चालणार नव्हतं. दुसऱ्या बाजूला बाई, त्यांचंही हुबेहूब तेच. जन्मात एकमेकींचं पटलं नसतं अशा दोघी, माझ्यावरून मात्र त्यांचं पूर्ण एकमत. मला वाटलं, आजीची बोटं वाकडी झाली तीही असंच नाव नसलेलं शिवून शिवून, आणि तिचे हातमोजे घालून कुणीतरी ऑपेराला जात असेल. आईला हे माझ्याआधी माहीत होतं. म्हणून तर ती सुईला घाबरायची. फक्त त्यावरचा तिचा उपाय असा, की सुई लपवायची. माझा उपाय वेगळा होता, आणि तो मला तिथेच, तोंडात टार्ट असताना सुचला.

मी बाईंना म्हटलं, मादाम, धन्यवाद, पण नको. त्यांनी खांदे उडवले, वाईट न वाटून घेता. त्यांना दुसरं कुणीतरी मिळेल, जिवंत आणि बिननावाचं. जाताना त्यांनी आईची सूप वाढायची तडा गेलेली वाटी तेवढी विकत मागितली. आईनं ती आदल्या दिवशी केराच्या डब्याजवळ ठेवली होती, घासायची राहून गेली होती.

गाडी फाटकातून बाहेर गेल्यावर आई स्वयंपाकघरात परत आली आणि माझ्यापुढे बसली. बाबा गाडी धुवायला निघाले होते. मी त्यांना म्हटलं, बाबा, आज नको, बसा. ते बसले. माझा आवाज मला आवडतो हे मी मघाशी सांगितलंच. त्या वेळी तो थोडा कापत होता, पण निघत होता.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” मी म्हटलं. “मी नोटरी होणार नाही, आणि ऑग्युस्तची बायकोही होणार नाही. सप्टेंबरपासून मी आलाँसोंच्या शिवणाच्या शाळेत जाणार आहे, दार उघडं ठेवून शिवणार आहे, आणि उद्या सकाळी केंत्रिक सरांना तसं सांगणार आहे. बस सव्वासातला असते, बाबा, तेव्हा स्टॉपपर्यंत तुम्ही सोडायचंय. त्याच गाडीतून.”